किल माइनस नाइनवाल्यांना उत्तर

‘वाळूजला वीज गेली तरी सर्व्हरनं तग धरायलाच हवा. मग बंद करताना एवढे सोपस्कार कशाला? किल माइनस नाइन मारा आणि मोकळे व्हा!’ छत्रपती संभाजीनगरात कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत हा पक्ष जोरात आहे. त्याला मोठा आधारही आहे. कँडिया आणि फॉक्स यांनी २००३ साली ‘क्रॅश-ओन्ली’ सॉफ्टवेअरचा पुरस्कार केला, तो याच धर्तीवर. पण त्यांच्या अटी कोण पाळतं? टिकवायची माहिती वेगळ्या साठ्यात हवी, विनंती पुन्हा आली तर काय करायचं हेही ठरलेलं हवं.

आपल्याकडे काय होतं ते पाहा. कारखान्यातल्या प्रेस यंत्रानं ‘एक नग झाला’ असं कळवलं, सर्व्हरच्या थ्रेडनं डेटाबेसात नोंद केली आणि पोच पाठवण्याआधीच आपण प्रोसेस मारली. प्रेस तोच संदेश पुन्हा पाठवतो. नग एक, नोंदी दोन! डेटाबेस शाबूत, हिशेब चुकलेला. संदेशांना क्रमांक देऊन हे टाळता येतं आणि ते करावंच; पण वीज जाते कधीतरी, नवी आवृत्ती आपण दर आठवड्याला चढवतो, मग दर वेळी हा धोका कशाला?

दुसरा पक्ष म्हणतो, सिग्नल हँडलरमध्येच सगळं आवरून एग्झिट करा. हे तर अधिक घातक. सिगटर्म, म्हणजे ‘आवरून थांब’ सांगणारा सिग्नल, प्रोसेसला येतो, पण पडतो तो ज्यानं अडवलेला नाही अशा कुठल्याही एका थ्रेडच्या गळ्यात. त्या थ्रेडनं नेमकं मॅलॉकचं लॉक धरलेलं असलं आणि हँडलरनंही मॅलॉक मागितलं, की तो स्वतःचीच वाट पाहत अडकला. चाचणीत हे सहसा दिसतही नाही.

सरळ वाट अशी: थ्रेड निर्माण करण्यापूर्वीच मेन थ्रेडमध्ये सिगटर्म अडवा, पुढचे थ्रेड तो मास्क वारशानं घेतात. मग एकाच थ्रेडला सिगवेटवर बसवा. तिथं आपण हँडलरमध्ये नसतो, त्यामुळे लॉक घ्यायला मोकळे. सिग्नल आला की नवी जोडणी बंद, ‘थांबा’चा फ्लॅग वर, रांगेवर झोपलेल्यांना ब्रॉडकास्ट. नुसता सॉकेट क्लोज करून लिनक्सवर ॲक्सेप्टमधला थ्रेड जागा होत नाही. त्याच्यासाठी पोल आणि एक पाइप ठेवा. हातातली कामं संपवून सगळे थ्रेड जॉइन झाले, की मगच डेटाबेस आणि लॉग मिटा.

वेगळं ठरवलं नसेल तर सिस्टमडी सिगटर्मनंतर ९० सेकंद थांबतो, कुबरनेटीस ३०, डॉकर १०. नऊ नंबर त्यानंतर. तुमच्या सर्व्हरला भर कामात एकदा स्टॉप देऊन पाहा; मुदतीत आपणहून बाहेर पडला नाही, तर नव्या फीचरआधी तेवढं दुरुस्त करा.