पाण्याखालचा महारवाडा



सहल म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, आपल्याला काय करायचंय तिचं, असं म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पण सहल हा इतिहास सांगायचा धंदा आहे. बसमधल्या चाळीस माणसांना एक जण माइक धरून सांगतो की इथं काय घडलं. त्यानं जे गाळलं ते घडलंच नाही, असं धरून माणसं घरी जातात आणि पोरांनाही तेच सांगतात.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठी उसाचे जुने मळे आहेत. काळ्या गुलामांच्या रक्ताघामावर उभे राहिलेले. १८६५ साली कायद्यानं गुलामी संपली. पुढं त्या मळ्यांच्या सहली निघू लागल्या. गाइड मालकाचा वाडा दाखवणार, झुंबरं दाखवणार, ओकची झाडं दाखवणार. त्या वाड्यांत लोक हौसेनं लग्नंसुद्धा लावतात. राबणारे कुठं निजत होते, हे वेळ उरला तर. २०१४ साली व्हिटनी नावाचा मळा लोकांना खुला झाला आणि तिथं ही सहल उलटी फिरली. गुलामांची नावं दगडावर कोरली गेली, गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली गेली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' त्याच देशातल्या, गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. १९७२ च्या पँथरनं नावही तिथल्याच काळ्या पँथरांकडून घेतलं. तेव्हा हा धडा आपल्याला परका नाही.

आता आपल्याकडं या. मुळशी. पुण्याहून सकाळी निघावं, धरण बघावं, ताम्हिणीचे धबधबे बघावेत, पिठलं-भाकरी खाऊन रात्री परत. गेल्या पावसाळ्यात मीही तिकीट काढून गेलो. गाइडनं धरणाची थोरवी सांगितली, सेनापती बापटांना दोन मिनिटं दिली आणि फोटोला बस थांबवली.

बापटांचं मोठेपण मी नाकारत नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. टाटांच्या वीज कंपनीसाठी सरकारनं १८९४ च्या कायद्यानं जमिनी घेतल्या होत्या. पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहराची खाचरं जाणार होती. लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भरले. १९२४ पर्यंत लढा चालला, मोडला, आणि धरण झालं. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडं गेलेल्या होत्या. त्यांना जमीन वाचण्यापेक्षा भाव किती फुटतो याचीच काळजी. सत्याग्रह मावळ्यानं करायचा आणि हिशेब सावकारानं मांडायचा!

ज्याच्या नावावर जमीन, त्याला रुपये. हा कायद्याचा न्याय. मग ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याचं काय? वेशीबाहेरच्या महाराचं, मांगाचं, डोंगरकडेच्या कातकऱ्याचं? बलुतं बुडालं, मजुरी बुडाली, झोपडं बुडालं. ह्याचा मोबदला कुठल्या रकान्यात लिहिणार? मी गोदीत ओझं उचलतो. ओझं कुणाच्या पाठीवर आणि जमा कुणाच्या नावावर, हे मला कुणी शिकवायला नको.

कुणी म्हणेल, ज्या गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं ते बुडालं तर बरंच झालं. गावगाड्याचं गोडवं गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला चांगलंच झोडपलं होतं. मीसुद्धा त्या गावासाठी गळा काढणार नाही. पण गाव बुडताना वेस बुडाली नाही, राव. उठलेला माणूस जिथं गेला तिथं ती त्याच्याबरोबर गेली.

आता पाण्याची गोष्ट ऐका. मुळशीचं पाणी सह्याद्री फोडून कोकणात भिऱ्याला उतरवलं. तिथलं वीजघर १९२७ साली सुरू झालं. भिरा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात, त्याच साली, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालो म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. यंत्राच्या तोंडी नदी दिली तर प्रगती. माणसानं ओंजळ भरली तर विटाळ. आणि मुंबईच्या गिरण्या विजेवर फिरत होत्या तेव्हा त्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता, कारण धागा तोंडानं ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. डोंगरापासून मागापर्यंत सगळीकडं तीच वेस.

राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. जमीन नसलेला शेतमजूरही प्रकल्पग्रस्त असतो, हे देशाच्या कायद्यात आलं २०१३ साली. मुळशीला तोवर नव्वद वर्षं होऊन गेली होती. त्या म्हाताऱ्या कुठल्या रांगेत उभ्या राहणार होत्या?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिव्या देऊन थांबू नका. १४ एप्रिलची मिरवणूक झाली की दोन दिवसांनी १६ एप्रिल येतो. त्या दिवशी एसटी धरा आणि मुळशीला जा. धरणाच्या कडेच्या वस्त्यांत बसा. म्हाताऱ्यांना विचारा, तुमचा महारवाडा कुठं होता, कुठं गेला, बाप-आज्याचं नाव काय, हातात काय पडलं. ओव्या उतरवून घ्या. तलाठ्याकडं जुने उतारे मागा. ज्यांचं नाव उताऱ्यावर नाही त्यांची यादी आपण करू आणि ह्याच पानांवर छापू.

मग पुढच्या वेळी बसमध्ये माइक आपल्यातल्या कुणाच्या तरी हातात असू दे. सुरुवात धरणापासून नको. पाण्याकडं बोट दाखवून सांगा : आमची माणसं इथं राहत होती.

जय भीम.