हँडल लपवण्यात आता शोध कसला?

दाराच्या पत्र्यात सपाट बसून राहणारं आणि मालक किल्ली घेऊन जवळ आला की बाहेर डोकावणारं हँडल आपल्याकडे आता नवलाचं राहिलेलं नाही. २०२१ मध्ये ते महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० वर आलं. २०२४ मध्ये टाटांच्या कर्व्हवर आलं आणि त्याच नोव्हेंबरात महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्यांवर. ही फॅशन जगभर नेली ती टेस्लाच्या २०१२ च्या मॉडेल एसने. त्या कंपनीचंही दुकान जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं. आता नवीन पनवेलच्या सोसायट्यांतसुद्धा एखादा पाहुणा गाडीशी उभा राहून पत्र्यावर हात फिरवत असतो आणि आतून कोणीतरी ओरडतं, "अहो, पुढच्या टोकाला दाबा."

गाडी किती धावते, किती चार्ज खाते याच्याशी या सदराला कर्तव्य नाही. आपला प्रश्न नेहमीचाच: यात पेटंट देण्याजोगं काय आहे, आणि द्यायचंच तर किती रुंद द्यायचं?

भूगोलही या प्रश्नाला जवळचा आहे. चाकणला बनलेली गाडी द्रुतगती मार्गाने कळंबोलीला उतरते. तिथून सायन-पनवेल रस्ता धरला की सायनच्या पलीकडे अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन लागतं. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा इथल्या अर्जदारांचे पेटंट-अर्ज या कार्यालयाच्या हद्दीत येतात. (महिंद्राचं संशोधन केंद्र तामिळनाडूत चेंगलपट्टूजवळ आहे, त्यामुळे तिथे जन्मलेली कल्पना चेन्नईला जाऊ शकते. पण चाकण-पिंपरी पट्ट्यातल्या पुरवठादारांचा रस्ता हाच.) हँडल घडतं ते शेड आणि ते कागदावर तपासलं जातं ते टेबल, यांच्या मधोमध आम्ही राहतो.

आधी एक गोंधळ दूर करू. हँडलचं रूप आणि हँडलचं काम यांना आपल्याकडे दोन वेगळे कायदे आहेत. रूपाची नोंदणी डिझाइन्स कायदा २००० खाली होते, तिचं कार्यालय कोलकात्याला आहे, आणि संरक्षण आधी १० वर्षं, मग वाढवून आणखी ५. तिथे कसोटी फक्त डोळ्याची. आतली यंत्ररचना, बांधणीचं तत्त्व हे त्या कायद्याने व्याख्येतूनच वगळलेलं आहे. अमेरिकेत रूपालाही पेटंटच म्हणतात, म्हणून तिकडच्या बातम्या वाचून आपल्याकडचे नवउद्योजक 'हँडलच्या डिझाइनचं पेटंट' मागायला जातात आणि पेटंट-एजंटच्या खुर्चीसमोर बसून निराश होतात. लपलेल्या हँडलच्या बाबतीत तर मोठी गंमत आहे. दिसू नये म्हणून केलेली वस्तू, तिची नोंदणी मात्र 'दिसण्या'साठी करायची. दार बंद असताना पत्र्यावर एक लंबगोल रेघ उरते. त्या रेघेवर १५ वर्षं हक्क सांगायचा असेल तर खुशाल सांगावा, मला त्यात फार जीव दिसत नाही.

खरी तपासणी पेटंटची. चाकणच्या एका पुरवठादाराने अर्ज टाकला आहे असं समजू या. दावा क्रमांक एक साधारण असा असतो: दाराच्या बाहेरच्या पत्र्यामागे बसवलेलं एक घर, त्यात विश्रांतीच्या स्थितीत पत्र्याशी समतल राहणारा हँडलचा दांडा, त्याला बाहेर ढकलणारी मोटर, आणि दांडा ओढला की लॅच सोडवणारी तरफ. अर्जाबरोबर सहा-सात आकृत्या, प्रत्येक भागाला आकडा. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पण तेवढ्याने तपासणी सुरू होत नाही, ती वेगळी मागावी लागते. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने ही मागणी करायची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली. छोट्या उद्योगाला या मागणीची फी ४,००० रुपये, मोठ्या कंपनीला २०,०००.

मग एक्झामिनर शोधाला बसतो. जगभरची पेटंटं विषयवार लावलेली असतात. गाडीच्या दाराच्या हँडलांचा कप्पा 'ई०५बी ८५/१०', आणि त्याच्या पोटात आणखी दोन उपकप्पे: एक पूर्ण सपाट पृष्ठभाग ठेवणाऱ्या हँडलांचा, दुसरा बाहेर सरकणाऱ्या हँडलांचा. हा कप्पा उघडला की वरचा दावा तिथेच बसतो. ज्या कल्पनेला वर्गीकरणात स्वतःची खोली मिळालेली आहे, ती नवी कशी? मोटरने ढकलणारं हँडल आधीपासून आहे, ते झालं डी१, म्हणजे आधीचा दाखला क्रमांक एक. मोटर नसलेलं, एक टोक दाबलं की दुसरं वर येणारं हँडलही आहे, ते डी२. (एक्सयूव्ही ७०० मध्ये ही दोन्ही भावंडं नांदत होती, महागड्या प्रकारात मोटरचं आणि खालच्या प्रकारांत दाबायचं.) मर्सिडीजच्या १९५४ च्या ३०० एसएलचं हँडल तर पत्र्यात सपाटच होतं. आणि इतकं लांब कशाला जा, आपली मारुती ८०० आठवा. दारात खोबण, खोबणीवर झडप, बोटं घालून झडप उचलायची. पत्र्याबाहेर काही आलेलं नको, हा विचार १९८० च्या दशकातच आपल्या मध्यमवर्गाच्या हाताखालून गेलेला आहे.

पहिला तपासणी अहवाल, म्हणजे धंद्यातल्या भाषेत एफईआर, अर्जदाराच्या हाती पडतो तेव्हा त्यात साधारण हे लिहिलेलं असतं: डी१ पाहता नवेपणा नाही, डी१ आणि डी२ एकत्र ठेवले तर जाणकाराला हे सहज सुचेल, शिवाय कलम ३ (एफ), म्हणजे ज्ञात साधनांची नुसती मांडणी. उत्तराला सहा महिने, फी भरून आणखी तीन. तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो.

एजंटांचं ठरलेलं उत्तर असतं की, साहेब, डी१ मध्ये मोटर आहे पण आमच्यासारखी तरफ नाही. इथे मला १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नेहमी आठवतो: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. वाद होता लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचा, पितळी भांडी घासून-कातून चकचकीत करणाऱ्यांचा. न्यायालयाने सांगितलं की कारखान्यातला कुशल माणूस कामाच्या ओघात जी सुधारणा करतो ती सुधारणा झाली, शोध नव्हे. पेटंट गेलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात मोटारीच्या पेडलबद्दल बरंचसं हेच म्हटलं: मागे-पुढे होणारं पेडल माहीत होतं, इलेक्ट्रॉनिक सेन्सर माहीत होता, एकाला दुसरा जोडणं यात कल्पकता नाही. हँडलला मोटर जोडणं याच जातीचं आहे. तरफ डावीकडून उजवीकडे नेली म्हणून २० वर्षांची मक्तेदारी देणाऱ्या एक्झामिनरने भांड्यांचा तो खटला पुन्हा वाचावा.

ही काळजी उगाच नाही. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात आपल्या पेटंट कार्यालयाने एक लाखांहून जास्त पेटंटं दिली, असं सरकारनेच अभिमानाने जाहीर केलं. साठलेले अर्ज निकाली निघाले हे उत्तमच. पण या वेगात एखादा रुंद दावा चाळणीतून निसटला तर त्याचा भार उचलतो तो पाच-पंचवीस कामगारांचा पुरवठादार. त्याला कंपनीची ऑर्डर मिळते, आणि पाठोपाठ वकिलाची नोटीस. दुसरा भार गॅरेजवाल्यावर. सुट्या भागांवर बौद्धिक संपदेचा पहारा बसवायचा प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे. बाहेरच्या गॅरेजांना भाग का देत नाही, असं स्पर्धा आयोगाने विचारलं तेव्हा मोटार कंपन्यांनी हीच ढाल पुढे केली होती. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने ती मानली नाही आणि १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला. मारुती ८०० ची झडप तुटली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री बदलून द्यायचा. मोटर, सेन्सर, वायरिंगसकट येणारं हँडल तो बदलू शकेल की नाही, हे पेटंटातल्या दाव्याच्या रुंदीवरही ठरणार आहे.

तर मग या हँडलात शोध उरलेलाच नाही का? उरलाय, पण लपण्यात नाही. तो आहे उघडण्यात.

कुठल्याही दाराच्या हँडलाला दोन परस्परविरुद्ध गोष्टी जमाव्या लागतात. बाजूने धडक बसली की दार आत ढकललं जातं आणि हँडलचा दांडा जडत्वामुळे होता तिथेच राहू पाहतो. म्हणजे दाराच्या हिशेबाने तो बाहेर ओढला जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी लॅच सुटू शकतं. ते सुटू नये म्हणून उलट वजन किंवा अडसर बसवतात. धडक संपली की मात्र तेच दार बाहेरच्या माणसाला उघडता आलं पाहिजे. समोरच्या धडकेच्या चाचणीचा नियमही तेच मागतो: आसनांच्या प्रत्येक रांगेचं किमान एक दार अवजाराशिवाय उघडलं पाहिजे. जुन्या हँडलात हे जमत होतं, कारण दांड्यापासून लॅचपर्यंत केबल किंवा सळई होती. बॅटरी मेली तरी लोखंडाला त्याचं काही नसतं. नव्या रचनेत बऱ्याचदा लॅच विजेवर सुटतं. हँडल हाताने वर येतं, पण ते असतं नुसतं बटण.

याची किंमत कळू लागली आहे. मार्च २०२५ मध्ये चीनच्या आन्ह्वी प्रांतात शाओमी एसयू७ गाडी महामार्गावर धडकून पेटली, तीन विद्यार्थिनी गेल्या. त्या धडकेत दारं उघडली का, हा प्रश्न तेव्हापासून तिकडे गाजत राहिला. ऑक्टोबरात चेंगडूला त्याच कंपनीची गाडी पेटली आणि धावून आलेल्या लोकांना दार उघडता येईना, याची चित्रफीत जगाने पाहिली. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ च्या सुमारे १ लाख ७४ हजार टेस्ला मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. बॅटरी उतरल्यावर बाहेरून दार उघडेना आणि मूल आत अडकलं, अशा पालकांच्या तक्रारी होत्या. काहींनी काच फोडली. फेब्रुवारी २०२६ मध्ये चीनने नियमच काढला. १ जानेवारी २०२७ पासून प्रत्येक दाराला बाहेरून यांत्रिक पद्धतीने उघडण्याची सोय हवी आणि हात घालायला किमान ६० बाय २० बाय २५ मिलिमीटर जागा हवी. आधीच मंजूर झालेल्या मॉडेलांना २०२९ पर्यंत सवड.

यावर आमच्या एका वकील मित्राचं म्हणणं असं की कलम ३ (बी) वापरा, मानवी जीवाला गंभीर अपाय करणारा शोध पेटंटास पात्र नाही, विषय संपला. मला हे पटत नाही. एक्झामिनर म्हणजे आरटीओ नव्हे. गाडी रस्त्यावर आणायची की नाही, हे दुसऱ्या खात्याने ठरवावं. सुरक्षेचा न्यायनिवाडा एफईआरमध्ये घुसला तर उद्या प्रत्येक प्रेशर कुकर त्यात अडकेल.

पण एक्झामिनरच्या हातात त्याच्या हद्दीतलं हत्यार आहे आणि ते पुरेसं आहे. कलम १० म्हणतं, शोध पूर्ण आणि तपशिलाने सांगा, आणि अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत उघड करा. तेव्हा अहवालात सरळ विचारावं: वीजपुरवठा तुटल्यावर हा दांडा कसा बाहेर येतो आणि लॅच कशाने सुटतं, कोणत्या आकृतीत, कोणत्या आकड्याचा भाग? उत्तर आलं नाही तर राहतो तो डी१, म्हणजे नकार. उत्तर आलं, आणि त्यात खरोखर नवं काही असलं, समजा चिखल आणि पावसाचं पाणी साचूनही न अडकणारी दाब-झडप, किंवा धडकेत अडवणारा पण धडकेनंतर आपोआप मोकळा होणारा अडसर, तर तेवढ्यालाच पेटंट द्यावं, आणि उदार हाताने द्यावं. आमच्याकडच्या जुलैत गाढी नदीकाठच्या चिखलातून आलेली गाडी ज्याने धुतली आहे, त्याला अशा झडपेचं मोल सांगायला नको. मात्र 'समतल राहणारं हँडल' एवढा रुंद दावा कोणालाच मिळू नये. मिळाला तर यांत्रिक सोय करू पाहणाऱ्या दुसऱ्यालाही तो अडवेल.

पुरवठादारांसाठी आणखी एक व्यवहाराची गोष्ट, कारण ही चूक अर्जात फार होते. आज टाकलेल्या अर्जाचा एफईआर येईपर्यंत चीनचा नियम बहुधा लागू झालेला असेल, आणि निर्यातीची गाडी बनवणारी कंपनी तुमच्याकडे यांत्रिक सोयीचं हँडल मागत असेल. तेव्हा एजंटला फोन करून "त्यात केबल टाका" म्हणता येणार नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती होते ती मूळ अर्जात लिहिलेल्याच्या आत राहून. नव्याने सुचलेलं त्यात घालता येत नाही. म्हणून केबल, सळई, दाबायचं टोक, जे काही डोक्यात असेल, ते पहिल्याच आकृतीत काढा, त्याला आकडा द्या आणि वर्णनात दोन परिच्छेद लिहा, मग दावा त्यावर करायचा की नाही ते नंतर ठरवा. पूर्ण तयारी नसेल तर आधी तात्पुरतं विवरण दाखल करून तारीख मिळवता येते, त्यानंतर पूर्ण विवरणाला १२ महिने मिळतात. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे.