सिंगापूर कुणाला हवे आहे?



साहेब लोकांना सिंगापूरचा फार उमाळा आहे. प्लॅटफॉर्मवर कचरा दिसला की "सिंगापूरला पाहा." रिकाम्या जागा का भरत नाही असे विचारले की "सिंगापूरला पाहा, किती कमी माणसांत काम होते." आणि संपाचा शब्द काढला तर सिंगापूर हमखास ठरलेले. तेव्हा एकदा आपणही सिंगापूरकडे नीट पाहू. रस्ते आणि इमारती साहेबांनी पाहिल्या आहेतच, आपण तिथला राज्यकारभार पाहू.

सिंगापूर हे प्रजासत्ताक आहे. ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियातून वेगळे होऊन ते स्वतंत्र झाले. लेखी घटना आहे, संसद आहे, वेळेवर निवडणुका होतात, मतदान सक्तीचे आहे. तरीही १९५९ पासून आजतागायत एकच पक्ष सत्तेवर आहे, पीपल्स अॅक्शन पार्टी. १९६८ ते १९८० या काळातल्या चार सार्वत्रिक निवडणुकांत तर सगळ्याच्या सगळ्या जागा याच पक्षाच्या. १९८१ साली एका पोटनिवडणुकीत जयरत्नम नावाचे वकील निवडून आले आणि संसदेला विरोधी पक्षाचा माणूस दिसला. १९८८ पासून गट-मतदारसंघ काढले. तिथे उमेदवारांची टोळी एकदम निवडून येते नाहीतर एकदम पडते. लहान पक्षाने एवढे उमेदवार आणायचे कुठून? २०२० साली ६१ टक्के मतांवर ९३ पैकी ८३ जागा मिळाल्या. मे २०२५ मध्ये ६५ टक्क्यांवर ९७ पैकी ८७. कमी मतांत जास्त जागा आपल्याकडेही मिळतात, पण आपल्याकडे सरकार पडते तरी.

हा पक्ष मोठा झाला तो कामगारांच्या खांद्यावर बसून. लिम चिन सिओंग हे बस आणि कारखाना कामगारांचे पुढारी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९६१ साली पक्ष फुटला, युनियन चळवळही फुटली. २ फेब्रुवारी १९६३ रोजी 'ऑपरेशन कोल्डस्टोअर'मध्ये लिमसह शंभरावर लोक उचलून विनाचौकशी डांबले. त्याच वर्षी डाव्या युनियनांच्या फेडरेशनला नोंदणी नाकारली. मग १९६८ साली कायदा आला आणि भरती, बढती, बदली, कामावरून काढणे हे विषय वाटाघाटीतून बाहेर गेले. आपल्या पी.एन.एम.च्या अजेंड्यातून एवढे विषय वजा करून पाहा. क्वार्टर्सचे गळणारे छप्पर आणि स्टाफ रूमचा पंखा उरतो!

राहिले ते सरकारच्या मर्जीतले फेडरेशन, नॅशनल ट्रेड्स युनियन काँग्रेस. त्याचे सरचिटणीस अनेकदा खुद्द मंत्रिमंडळात असत. ओंग टेंग चिओंग १९८३ ते १९९३ सरचिटणीस होते आणि १९८५ पासून उपपंतप्रधानही. जानेवारी १९८६ मध्ये एका कंपनीतल्या संपाला त्यांनी मंत्रिमंडळाला न सांगता मान्यता दिली, आणि दोन दिवसांत प्रश्न मिटला. संपाची ताकद तिथेही तीच, पण परवानगी द्यायला उपपंतप्रधान लागला. पुढचा संप व्हायला २६ वर्षे गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये चीनमधून आणलेले १७१ बसचालक कामावर गेले नाहीत, कारण मलेशियन चालकांपेक्षा त्यांना पगार कमी. पाच जणांना तुरुंगवास झाला, २९ जणांना देशाबाहेर काढले.

सिंगापुरात चांगले काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. तीन-चतुर्थांशाहून अधिक रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या कामगाराच्या फंडात मालक पगाराच्या १७ टक्के भरतो. साहेब लोक यातले काही इकडे आणा म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. आणि मेट्रोची गोष्टही ते सांगत नाहीत. ती कंपनी २००० साली शेअर बाजारात गेली. डिसेंबर २०११ मध्ये गाड्या एकामागून एक बंद पडल्या आणि चौकशी समितीने देखभालीतल्या उणिवांवर बोट ठेवले. २०१६ साली रेल्वेची मालमत्ता सरकारला ताब्यात घ्यावी लागली, कंपनीही बाजारातून बाहेर आली. त्याच वर्षी मार्चमध्ये रुळांवर काम करणारे दोन तरुण गाडीखाली गेले. ट्रॅकमनचे मरण सिंगापुरातही चुकलेले नाही. टपाल बंधूंनी तिथल्या टपाल कंपनीची हकीकत पाहावी. २००३ साली ती शेअर बाजारात गेली, आणि टपाल पोहोचवण्याच्या ठरलेल्या दर्जात कमी पडली म्हणून २०१९ साली तिला दंड झाला.

आता हे सगळे आपल्या देशात कसे येते ते चंदीगडला दिसते. मोहालीचे सेक्टर ६७ घ्या. सेक्टरांचे आकडे चंदीगडचेच पुढे चालत आलेले, पण ही जमीन पंजाब राज्याची. इथला माणूस आमदार निवडतो. हद्द ओलांडून चंदीगडात गेलात की विधानसभा नाही, आमदार नाही. १ नोव्हेंबर १९६६ पासून तो केंद्रशासित प्रदेश आहे आणि १९८४ पासून पंजाबचे राज्यपालच तिथले प्रशासक. एक खासदार आणि एक महापालिका, संपले. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी केंद्रशासित प्रदेशांतले वीज वितरण खाजगी करण्याची घोषणा केली. चंदीगडचे वीज खाते नफ्यातले. फेब्रुवारी २०२२ मध्ये कामगारांनी ७२ तासांचा संप पुकारला. शहर अंधारात गेले. प्रशासनाने 'एस्मा' लावला, लष्कराच्या अभियंत्यांना बोलावले. १ फेब्रुवारी २०२५ रोजी खाते कलकत्त्याच्या एका उद्योगसमूहाच्या कंपनीकडे गेले. सेक्टर ६७ ला वीज आजही पंजाबच्या सरकारी महामंडळाची आहे.

विधानसभा असली की काही विकले जात नाही, असा आमचा भाबडा समज नाही. दिल्लीला विधानसभा होती, तरी २००२ साली तिथली वीज गेलीच. फरक एवढाच की समोर मत मागणारा माणूस असला तर त्याला टेबलावर यावे लागते. ४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातले वीज कामगार संपावर गेले. अत्यावश्यक सेवेचा कायदा इथेही लावला होता. पण त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांना चर्चेला बसावे लागले, खाजगीकरण करणार नाही असे सांगावे लागले, आणि संप मागे घेतला गेला. चंदीगडच्या कामगारांसमोर असा माणूस कोण होता?

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यात सर्व उद्योगांना संपाआधी १४ दिवसांची नोटीस आहे, आणि निम्म्या कामगारांनी एकदम रजा घेतली तर तोही संपच. सिंगापूर तिकीट न काढताच गाडीत चढले आहे.

मे १९७४ चा संप आपल्यातल्या निवृत्त साथींना आठवत असेल. हजारो रेल्वे कामगार बडतर्फ झाले, क्वार्टर्समधून बायकापोरांना बाहेर काढले. १९७७ साली जनतेने सरकार पाडले, कोकणातल्या राजापूरहून निवडून आलेले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ कामगार कामावर परतले. सिंगापूरच्या विरोधी पक्षाचे चिया थाय पो यांना १९६६ साली खटल्याशिवाय अटक झाली. ते १९८९ पर्यंत कैदेत राहिले. त्यानंतरचे शेवटचे निर्बंध उठायला १९९८ साल उजाडले. या ३२ वर्षांत सिंगापूरचे सरकार एकदाही बदलले नाही.