‘बर्फातला’ मासा

समजा, कामथडीतल्या चार मित्रांनी शनिवारी रात्री गाडी काढली. भोर, वरंधा घाट, महाड असे करत पहाटे किनारा गाठला. होडी आधीच ठरवलेली. उजाडता उजाडता तांडेलाने इंजिन सुरू केले आणि किनाऱ्यापासून फार दूर न जाता, खडकाच्या आसपास, चौघांनी गळ टाकले. सातच्या सुमाराला पहिला कुपा लागला. मग दोन सुरमया आणि बरेचसे बांगडे. फोटो झाले. मासे होडीच्या फळ्यांवर एका ओल्या गोणपाटाखाली पडून राहिले. अकराला किनारा, मग आंघोळ, जेवण, थोडी झोप. दोन वाजता मासे प्लास्टिकच्या पिशवीत भरून डिकीत ठेवले आणि परतीचा रस्ता धरला. संध्याकाळी सातला कामथडी. साफसफाई, वाटप, कालवण, तळण. साडेनऊला पाने वाढली गेली.

दहाच्या आसपास घरातल्या तिघांचे चेहरे लालबुंद झाले. डोके ठणकायला लागले, छातीत धडधड सुरू झाली, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, एकाला जुलाब झाले. आजी म्हणाल्या, ‘‘मासा बाधला.’’ दुसरा कोणी म्हणाला, ‘‘कसा बाधेल? सकाळी जिवंत होता. बाजारातला बर्फातला थोडाच आहे?’’

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातले शेवटचे वाक्य घाटावर कुठल्याही घरात ऐकायला मिळते. ‘बर्फातला’ म्हणजे शिळा, ‘बर्फाशिवायचा’ म्हणजे ताजा, असे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते जवळजवळ उलटे आहे. त्या रात्री पानात पडलेला कुपा पकडून चौदा तास झाले होते आणि त्यातला एकही तास तो थंड नव्हता. भोरच्या बाजारात कोळणीच्या पाटीवर बर्फाखाली दोन दिवस असलेला बांगडा त्याहून पुष्कळ सुरक्षित असू शकतो.

या त्रासाला हिस्टामिनची विषबाधा म्हणतात. कुपा म्हणजे ट्यूना, बांगडा, सुरमई, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे एक अमिनो आम्ल भरपूर असते. ते निरुपद्रवी आहे. पण माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यात काही जीवाणू असतात. मासा जिवंत असेपर्यंत ते आपल्या जागी राहतात. मासा मेला की ते मांसात शिरतात आणि हिस्टिडीनचे हिस्टामिन बनवू लागतात. चार अंशांच्या खाली हे काम अगदी मंद चालते. तिशीच्या तापमानात ते झपाट्याने होते, आणि कोकणातली दुपार हिवाळ्यातही तिशीच्या आसपासच असते. बंद डिकीतले तापमान तर विचारायलाच नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा मासेमारांना सल्ला असा, की हवा किंवा पाणी २८ अंशांहून गरम असेल तर असा मासा शक्य तितक्या लवकर बर्फात जावा, आणि कोणत्याही परिस्थितीत मेल्यापासून ६ तासांच्या आत. आपल्या चौघांचे ६ तास जेवून वामकुक्षी घेतानाच संपले होते.

हिस्टामिनचा खरा वांधा पुढे आहे. एकदा ते तयार झाले की जात नाही. उकळून, तळून, खारवून, धुरावून किंवा फ्रीजरमध्ये गोठवूनही ते तसेच राहते. लिंबू, हळद, मीठ, कोकम यांनी वास जातो, हिस्टामिन जात नाही. शिवाय फार वास यायच्या आधीच ते त्रास देण्याइतके साचलेले असू शकते, त्यामुळे नाकावर विसंबून चालत नाही. कधी कधी घास तिखट, मिरीसारखा चरचरीत लागतो किंवा ओठांना मुंग्या येतात. पण आपल्या कालवणात मिरचीच इतकी, की ती खूण कोणाच्या लक्षात यायची! घरी पोहोचल्यावर मासा फ्रीजमध्ये टाकला म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. जीवाणूंनी सोडलेले विकर थंडीतही थोडेफार काम करत राहते, आणि आधी जे साचले ते साचलेच. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात एक किलो माशात २०० मिलिग्रॅम हिस्टामिन ही सुरक्षिततेची मर्यादा धरली आहे. ती मोजायला प्रयोगशाळा लागते. स्वयंपाकघरात ती कळायची सोय नाही.

सगळेच मासे यात सारखे नाहीत. पापलेट किंवा जिताडा अशा पांढऱ्या मांसाच्या माशांत हिस्टिडीन कमी, म्हणून हा धोकाही कमी. किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी गळ टाकणाऱ्याला जिताड्याचे जे वेड असते, तेच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना ‘स्ट्राइप्ड बास’ या पट्टेरी माशाचे असते. दोघेही खारे आणि गोडे पाणी एक करणारे. फरक एवढाच, की पट्टेरी बास अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो आणि जिताडा त्यासाठी गोड्या पाण्यातून खाऱ्याकडे उतरतो. तिकडे या माशासाठी होडी भाड्याने घेणे हा मोठा व्यवसाय आहे. कप्तानाकडे परवाना लागतो, किती लांबीचा मासा ठेवायचा याचे नियम आहेत आणि सध्या माणशी दिवसाला एकच मासा ठेवता येतो. होडीवर बर्फाची पेटी असते आणि मासा गळावरून सुटला की तिच्यात जातो. तिथली माणसे जात्याच जास्त शहाणी आहेत असे नव्हे. बर्फ हा होडीच्या सामानाचाच भाग आहे, गिऱ्हाइकाने आठवणीने आणायची वस्तू नाही, इतकाच फरक.

आपल्याकडे मालवण, हर्णै, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात हौशी लोकांना गळाने मासे धरायला नेणे हा पर्यटनातला एक जोडधंदा होतो आहे. चांगली गोष्ट आहे. पुण्या-भोरकडच्या माणसाला समुद्राची ओळख होते आणि कोळ्यांच्या घरात चार पैसे जातात. गंमत अशी, की जी होडी चार दिवस खोल समुद्रात जाते तिच्या कप्प्यात बर्फ ठासून भरलेला असतो. बर्फाची किंमत कोळ्याला शिकवावी लागत नाही. पण तोच तांडेल हौशी मंडळींना घेऊन चार तासांसाठी निघतो तेव्हा बर्फ घेईलच असे नाही. ‘‘चार तासांत काय होतंय?’’ त्याच्या बाजूने ते खरेही आहे. त्याचा मासा चार तासांत लिलावाला जातो किंवा घरच्या चुलीवर चढतो. गिऱ्हाइकाला घाट चढायचा आहे, हे त्याच्या हिशेबात नसते. आणि गिऱ्हाईक भाव करताना इंजिन, तेल, गळ, आमिष, नाश्ता हे सगळे विचारते, बर्फ सोडून.

आता मूळ दुखण्याकडे. हिस्टामिनचा त्रास दहा मिनिटांपासून तास-दोन तासांत सुरू होतो आणि बहुतेकांचा काही तासांत, फार तर दिवसभरात उतरतो. साध्या ॲलर्जीविरोधी गोळीने आराम पडतो. मग एवढे लिहिण्यासारखे काय, असे कोणी विचारील. दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे चुकीचा शिक्का. गांधी, लाल चेहरा, धडधड ही चिन्हे हुबेहूब ॲलर्जीची. रुग्ण दवाखान्यात येतो, इंजेक्शन घेतो आणि ‘मासे चालत नाहीत’ असा शिक्का घेऊन जातो, बऱ्याचदा जन्माचा. दहा वर्षांच्या मुलाचे स्वस्त, चांगल्या प्रथिनांचे अन्न एका रात्रीत बंद होते. वास्तविक एकच प्रश्न विचारला तर पुष्कळ उलगडा होतो: तोच मासा खाणाऱ्या आणखी कोणाला त्रास झाला? ॲलर्जी माणसाची असते, ती बहुधा एकालाच गाठते. हिस्टामिन माशात असते, म्हणून ते एका पंगतीतल्या अनेकांना एकदम गाठते. पूर्वी तोच मासा कितीदा पचला होता, हा दुसरा प्रश्न. हे दोन्ही विचारायला यंत्र लागत नाही, मिनिटभर वेळ लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो मिनिट निघत नाही, हे कबूल करायला हवे. दम लागला, घसा आवळल्यासारखा झाला, चक्कर आली किंवा ओठ-जीभ सुजली तर मात्र ॲलर्जी की हिस्टामिन हा वाद घालत बसू नये. १०८ला फोन करावा किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. हृदयविकार असलेल्यांनी आणि दमेकऱ्यांनी धडधडीकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि तिची चर्चा जवळजवळ होतच नाही. खाण्यातून आलेले हिस्टामिन मोडायला आपल्या आतड्यात एक विकर असते. क्षयरोगाच्या रोजच्या गोळीत आयसोनियाझिड नावाचे औषध असते, आणि ते या विकराच्या कामात अडथळा आणते. परिणाम असा, की ज्या माशाने शेजाऱ्याला काहीच होणार नाही, त्याच माशाने टीबीचे औषध चालू असलेल्या माणसाचा चेहरा तापून निघतो, डोके फुटायला येते, काळीज धडधडते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिन्यांचा, आणि त्यात खंड पडला तर औषधांना दाद न देणारा टीबी पुढे उभा राहतो.

आता चार मित्रांनी केलेले वाटप आठवा. गावाकडची रीत अशी, की मासे आणले की चार घरी डबा जातो. त्यातल्या एखाद्या घरात कोणीतरी टीबीच्या गोळ्या घेत असतो आणि ते शेजाऱ्यांना सांगितलेले नसते. लपवण्याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत: लग्नाची मुलगी, नोकरी, लोक काय म्हणतील. आलेला डबा परत करता येत नाही आणि न खाण्याचे कारणही देता येत नाही. जेवणानंतर त्रास झाला, की पहिला संशय कोणावर येतो? माशावर नाही, मासा तर सकाळी जिवंत होता. संशय येतो गोळीवर. ‘‘ही गोळी उष्ण पडते,’’ असे कोणीतरी म्हणतेच, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. डिकीतल्या एका पिशवीचा परिणाम इथवर येऊन पोहोचतो.

म्हणून टीबीचा उपचार सुरू करतानाच हे दोन वाक्यांत सांगितले गेले पाहिजे. लघवी नारिंगी होईल, मळमळेल, कावीळ दिसली तर लगेच या, हे आपण सांगतो. त्याच यादीत मासेही यावेत: कुपा, बांगडा, तारली, सुरमई हे मासे पहिल्यापासून बर्फात होते याची खात्री नसेल तर उपचार संपेपर्यंत टाळा, आणि खाल्ल्यावर चेहरा लाल झाला तर गोळी थांबवू नका, दवाखान्यात या. मासे सरसकट बंद करायला मात्र कोणी सांगू नये. क्षयरुग्णाला प्रथिनांची गरज असते. नीट ठेवलेले पापलेट किंवा नदी-धरणातला ताजा, थंड ठेवलेला रोहू खायला हरकत नाही.

उरला बर्फ. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण २५ पुरतात. म्हणजे कागदावर एक किलो बर्फ तीन किलो माशांना पुरेल. प्रत्यक्षात पेटी बाहेरचे ऊन शोषत राहते, झाकण सारखे उघडले जाते, घाट लांब असतो. म्हणून जितके वजन माशाचे तितकेच बर्फाचे, हा हिशेब ठेवावा. लादी फोडून चुरा करावा, कारण मोठ्या ढेकळाचा माशाला स्पर्श कमी होतो. पहिल्या तासात बर्फ आणि समुद्राचे पाणी यांच्या रबडीत मासा बुडवला तर तो सगळ्यात लवकर गार होतो. पोट आणि कल्ले होडीवरच काढले तर जीवाणूंचा मुख्य साठा समुद्रातच गेला. त्यानंतर थर्माकोलच्या पेटीत एक थर बर्फ, एक थर मासे, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेले पाणी जायला तळाशी भोक. मासेमारी बंदरांत बर्फ मिळतो, आणि तेलाच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ असते.

लाइफ जॅकेटबाबत आज गिऱ्हाईकही विचारते आणि होडीवालाही दाखवतो. तेवढ्या जागरूकतेला बरीच वर्षे आणि काही जीव लागले. बर्फाच्या पेटीला तितकी वाट पाहायची गरज नाही. हौशी मासेमारीच्या होड्यांसाठी मत्स्यव्यवसाय आणि पर्यटन खात्यांनी सामानाची जी काही यादी ठरवावी, तीत ती असावी. तोवर होडी ठरवताना फोनवर ‘‘जॅकेट आहेत ना?’’ यानंतर ‘‘आणि बर्फ?’’ एवढे विचारावे. नसेल तर पेटी कामथडीहूनच गाडीत टाकावी, म्हणजे परतीच्या वाटेवर महाडला थांबून बर्फ पुन्हा भरता येईल. आणि शेजारी डबा देताना मासा कुठे, किती वाजता पकडला याचे वर्णन आपण करतोच, त्यात तो कशात ठेवून आणला हेही सांगावे.