रस्सा अनलिमिटेड, मटण मोजून

परवा गैबी चौकाजवळच्या एका दुकानात आईच्या फोनचा रिचार्ज मारायला गेलो होतो. सोबत भाचा.

"दीड जीबीवाला मारू का दोनवाला? दोनला फाइव्हजी अनलिमिटेड हाय," दुकानातल्या पोरानं विचारलं.

आईचा फोन बटणांचा आहे. त्यात नेट शिरायला भोकसुद्धा नाही. तसं सांगितलं तर म्हणतो, "सगळे त्योच मारत्यात." भाचाही त्याच्याच बाजूनं, "मामा, कशाला एवढा हिशेब घालतायसा?"

तर मंडळी, हा घातलेला हिशेब.

आपल्याकडं मटणाच्या ताटात तांबडा-पांढरा हवा तेवढा प्या, पण मटणाचे तुकडे मोजून येतात, आणि ते कुणी लपवत नाही. मोबाईलवाले मात्र मोजलेल्या तुकड्यांनाच अनलिमिटेड म्हणतात. बोलणं अमर्याद असतं, कबूल. पण रोज दीड जीबी ही मर्यादा नाही तर काय? संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हॉट्सअॅपवरचा फोटोही धड उघडत नाही. आणि उरला तर रात्री बाराला गेला. रतिबाचं दूध उरलं तर आपण विरजण तरी लावतो. मला मंगळवारी काहीच लागत नाही आणि रविवारी चार जीबी लागतात. महिन्याला एकदम वीस जीबी द्या आणि मला माझं वापरू द्या, एवढंच मागणं आहे.

महिना म्हटलं खरं, पण तोही त्यांचा २८ दिवसांचाच. म्हणजे वर्षात १३ रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये जिओचा दीड जीबीवाला २३९ चा प्लॅन २९९ ला गेला. त्याचे बारा धरले तर ३,५८८, तेरा धरले तर ३,८८७. हा तेरावा महिना कुठल्या पंचांगात बसतो? जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं सांगितलं होतं, की प्रत्येक कंपनीनं निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवावा. तो असतो, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

भाच्याचंही अगदीच चूक नाही म्हणा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ यायच्या आधी आम्ही नेट चालू करायचो, मेल बघायचो आणि पैसे कटतील म्हणून झटकन बंद करायचो. त्यात आम्ही कागलकर! दूधगंगा ओलांडून कोगनोळीकडं गेलं की फोन कर्नाटकात, आणि रोमिंग सुरू. ते दिवस परत नकोत. भाचा एमपीएससीची लेक्चरं मोबाईलवर बघतो, त्याला रोजचे दोन जीबी खरंच पुरत नाहीत. त्यानं खुशाल घ्यावा. पण त्याच्या मापाचा सदरा आईला कशाला?

हे चिडून लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात तिचे २८ दिवस कधी संपले ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी कामावर. आई परड्यात घसरून पडली. फोन हातात होता, पण लागेना. शेजारच्या काकूंना हाक ऐकू गेली म्हणून निभावलं. हाडाला काही झालं नाही, पण दर २८ दिवसांनी मला अजून धसका बसतो.

म्हणून पोराला म्हटलं, नुसत्या बोलण्याचा वर्षाचा प्लॅन टाक. "असला प्लॅन नसतोय," तो म्हणाला. असतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियमच केला, की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर हवं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी तसे प्लॅन आणलेही. त्याच्याच मोबाईलवर शोधून दाखवला. त्यानं तोंड वाकडं करत मारला. भाचा गप्प.

घरी येऊन आईला सांगितलं, आता वर्षभर बघायला नको.

तिनं जरा विचार केला. "आणि मधीच मी गेली, तर उरलेलं पैसं माघारी देत्यात व्हय?"