झाड कोठे लावावे?

झाड लावावे की लावू नये, असा प्रश्न शिरूर कासार येथे कोणी विचारणार नाही. बालाघाटाच्या डोंगरांजवळ, सिंदफणेच्या काठी वसलेल्या या गावाने पावसाची वाट पाहणे म्हणजे काय असते, ते पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी बीड जिल्ह्यातील वृद्ध माणसे आजही सांगतात. २०१६ साली तर शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलखात जो झाड लावतो, तो गावावर उपकारच करतो. प्रश्न आहे तो निराळाच. ते झाड कोठे लावावे, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

आपल्या देशात १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की शाळांच्या आवारांत, कचेऱ्यांपुढे आणि रस्त्यांच्या कडेला खड्डे खणले जातात. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने तेहतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. २०२० साली बीडजवळ पालवण येथे वृक्षसंमेलन भरले. या उत्साहाचे कौतुक केले पाहिजे यात शंका नाही. परंतु उत्साहाने कुदळ हाती घेणारा मनुष्य खड्डा कोठे खणतो? जमीन जेथे मऊ लागेल तेथे! मुरमावर कुदळ आदळली की हाताला झिणझिण्या येतात. म्हणून तो दोन हात बाजूला सरकतो आणि तेथे भुसभुशीत माती लागली की समाधान पावतो. ती माती तेवढ्याच जागी मऊ का, हे तो विचारीत नाही. बहुधा तेथे नळासाठी चर खणून पुन्हा बुजविलेला असतो. रोप लावले जाते, पाणी घातले जाते, टाळ्या वाजतात. आणि त्या रोपाखाली दोन-तीन फुटांवर गावाचे पिण्याचे पाणी वाहत असते.

मनुष्याला जी माती सोपी वाटली, तीच मुळांनाही सोपी वाटते. मुळे दुरून पाण्याचा वास घेतात आणि नळाच्या रोखाने धावत सुटतात, असे कित्येक लोक समजतात. ते खरे नव्हे. मुळांना ना डोळे असतात, ना नाक. ती चहूकडे पसरतात, आणि जिकडे ओल, हवा व पोकळ माती मिळेल तिकडे त्यांची वाढ जोमाने होते. बहुतेक झाडांची पुष्कळशी मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे जातात. बुजविलेला चर त्यांना आयता रस्ता करून देतो. त्या रस्त्याने जाता जाता नळाचा एखादा पाझरणारा सांधा भेटला, की केसासारखे बारीक मूळ त्यात शिरते. मूळ एकदा आत शिरले की जाड होत जाते आणि सांधा अधिकाधिक उकलतो.

मैला वाहून नेणाऱ्या नळांत तर मुळांची चंगळच असते. हे नळ सहसा पूर्ण भरून वाहत नाहीत. त्यांत पाणी असते, हवा असते आणि खतही असते. तेथे मुळांचा दाट झुबका तयार होतो, त्यात कचरा अडकतो आणि नळ तुंबतो. युरोप व ऑस्ट्रेलियातील शहरांत मलवाहिन्या तुंबण्याच्या प्रमुख कारणांत झाडांच्या मुळांची गणना होते. लहान गावांत मलवाहिन्या नसल्या, तरी घराघरांतून शौचालयाची टाकी असते, शोषखड्डा असतो, आणि त्यांना जोडणारा नळही असतो. त्याच्या शेजारी हौसेने पिंपळ वाढू देणाऱ्याला पुढे काय सोसावे लागते, ते सांगावयास नको.

पिण्याच्या पाण्याच्या नळाची गोष्ट याहून गंभीर आहे. पाणी दाबाने वाहत असते तोवर सांध्यातून ते बाहेर येते. नुकसान होते ते पाण्याचे. पण महाराष्ट्रातील बहुतेक गावांना चोवीस तास पाणी मिळत नाही. कोठे दिवसाआड मिळते, तर टंचाईच्या काळी आठ-आठ दिवसांनीही. पाणी बंद झाले की नळातील दाब ओसरतो, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर पडत होते तिच्यातूनच बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. जवळ गटार असेल तर ते गटाराचे असते. कावीळ, विषमज्वर, पटकी हे रोग असल्या वाटेनेच घरात येतात, आणि त्यांचा पहिला तडाखा लहान मुलांना बसतो. म्हणून हा प्रश्न केवळ बागेच्या शोभेचा नाही.

तेव्हा दोष झाडाचा ठरवून ते तोडून टाकावे काय? असे म्हणणारे लोक भेटतात. कुऱ्हाड चालविणे सोपे असते. सांधा शोधून दुरुस्त करणे कष्टाचे असते. धडधाकट, नीट जोडलेला नळ असेल, तर त्यात मूळ सहसा शिरत नाही. सांधा आधी ढिला होतो आणि मूळ मागाहून येते. सिंदफणेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा स्वभावच असा, की ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. या हालचालीने नळ वाकतात व सांधे सुटतात. जुने खापरी नळ आणि सिमेंटचे नळ यांना हा त्रास फार. बिडाचे नळ मजबूत, पण तेही सांध्यांपाशी पाझरतात. (हे बीड म्हणजे ओतीव लोखंड, बीड शहराशी त्याचा संबंध नाही!) हल्लीचे प्लॅस्टिकचे नळ लांब व हलके असल्याने त्यांना सांधे कमी लागतात, परंतु घाईने जोडलेला सांधा प्लॅस्टिकचा असला म्हणून गळायचा राहत नाही. अशा स्थितीत पंचवीस वर्षांचा लिंब तोडून काय साधणार? गळका सांधा गळतच राहील. शिवाय नागरी भागात परवानगीवाचून झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्याने मनाई आहे.

जमिनीखालून पाणी नेण्याची विद्या मराठवाड्याला नवी नाही. बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळी, सोळाव्या शतकात बांधली गेली; तिचे पाणी भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, शेतांकडे खेळविले गेले. पुढे सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबर याने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहरीने पाणी आणले. त्या नहरीवर ठिकठिकाणी मनुष्याला आत उतरता येईल अशी तोंडे बांधलेली होती. नहर कोठून जाते हे त्यामुळे वरून चालणाऱ्यालाही कळे. ती बांधणारांनी आपले काम जमिनीत गाडले खरे, पण लपविले नाही. आज नेमके उलटे घडते. चर बुजला की नळ कोठून गेला हे नळ टाकणाऱ्या कामगारांच्या ध्यानात राहते, आणि ते दुसऱ्या गावी कामाला गेले की कोणाच्याच नाही. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून खेडोपाडी नवे नळ टाकले गेले आहेत. ते कोठून गेले, याचा नकाशा प्रत्येक गावाजवळ असलाच पाहिजे. तो नगरपंचायतीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात बंद राहून उपयोगी नाही. त्याची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावावी. कारण खड्डे खणावयास सर्वांत आधी पुढे येतात ती शाळेतीलच मुले.

नकाशा हाती आला, की बाकीचे काम अवघड नाही. वड, पिंपळ, उंबर यांना मोकळी जागाच द्यावी. नळापासून वीस-पंचवीस फूट तरी दूर. नदीचा काठ, गायरान, देवळाचे आवार ही त्यांची खरी घरे. लिंब व चिंच यांनाही नळाशेजारी उभे करू नये. अरुंद बोळात, जेथे नळ टाळताच येत नाही, तेथे कढीपत्ता, जास्वंद, तगर, पारिजातक अशी लहान झाडे लावावीत. तीही पाच-सहा फूट सोडून. अंगणात जागा असेल तर सीताफळ लावावे. बीड जिल्ह्याच्या डोंगरउतारांवर ते आपण होऊन वाढते आणि पाणीही फार मागत नाही.

मोठ्या जातीचे रोप नळावर आधीच लागले असेल, तर ते वर्ष-दोन वर्षांचे असतानाच हलवावे. त्यासाठी पावसाळ्याचे पहिले दिवस चांगले. भोवतालची माती आधी भिजवावी, मुळांचा गड्डा न फुटू देता रोप उचलावे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी नव्या खड्ड्यात बसवून भरपूर पाणी द्यावे. नवा खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवलेला बरा. तो मुरमातच खणावा लागेल, आणि त्याला वेळ लागेल.