एजंटच्या स्मृतीलाही फेरफार हवा

शिरूर अनंतपाळ जागचं हललं नाही, पण त्याचा पत्ता तीनदा बदलला. तेव्हा निलंगा तालुक्यात असलेलं हे गाव १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. राज्य पुनर्रचनेत निलंगा उस्मानाबादकडे आला, १६ ऑगस्ट १९८२ला लातूर जिल्हा वेगळा झाला आणि १९९९मध्ये शिरूर अनंतपाळ स्वतःच तालुका झालं. इथल्या जुन्या घरातली ट्रंक उघडली तर निरनिराळ्या पत्त्यांचे कागद निघतील. त्यातला एकही खोटा नाही. प्रत्येक कागद आपापल्या तारखेला खरा.

हे कागद एखाद्या एआय एजंटला वाचायला द्या आणि महिन्याभरानं विचारा, आमचा जिल्हा कोणता? उत्तर बरोबर येईल की नाही, हे मॉडेलच्या हुशारीपेक्षा त्याची स्मृती सांभाळणाऱ्या साधनावर ठरतं. मॉडेलला स्वतःहून कालचं काहीच आठवत नाही. म्हणून टिपणं बाहेर फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी लागतील तेवढी त्याच्यापुढे मांडायची. बर्कलीच्या संशोधकांनी २०२३मध्ये मेमजीपीटी मांडलं, त्यात थोडी स्मृती कायम समोर आणि मोठा साठा बाहेर असतो. मेम-झिरो नावाच्या साधनाच्या २०२५मध्ये मांडलेल्या रचनेत नवी माहिती जुनीशी ताडून चारपैकी एक निर्णय होत असे: भर घालायची, बदलायची, पुसायची किंवा काहीच करायचं नाही. झेप नावाचं साधन जुनी गोष्ट पुसत नाही; ती कधीपासून कधीपर्यंत खरी होती, हे नोंदवून ठेवतं.

ही शेवटची पद्धत मला पटते, कारण आपला सातबारा तेच करतो. खरेदीखत झालं की जुन्या नावाला कंस पडतो, नव्या नावापाशी फेरफार क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून नोंदवहीत गेलं की बदल कशाच्या आधारे झाला, नोटीस कधी निघाली, हरकतीचे पंधरा दिवस कधी संपले, मंडळ अधिकाऱ्यानं मंजुरी कधी दिली, सगळं सापडतं. तलाठ्याकडे (कागदोपत्री आता ते ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच) फेरफार अडकतात, चुकीचेही होतात, हे इथं कुणाला सांगायला नको. तरी चूक कुणाच्या सहीनं झाली, ते दिसतं.

स्मृतीच्या साधनांचे दस्तऐवज वाचताना मला नेमकं हेच सापडत नाही. पाच ओळींत इन्स्टॉल कसं करायचं ते असतं आणि वापरणाऱ्याला शाकाहारी जेवण आवडतं, असलं एखादं उदाहरण असतं. ‘अपडेट’ केल्यावर जुनं वाक्य उरतं का? ‘डिलीट’ केलं तर मूळ नोंदच जाते, की त्यावरून तयार झालेले सारांश आणि बॅकअपही जातात? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क लिहिला आहे. पुसणं म्हणजे काय, हे साधन बनवणाऱ्यानंच लिहिलं नसेल तर तो हक्क बजावणार कसा?

‘वापरणारा’ म्हणजे कोण, हा गावाकडचा आणखी अवघड प्रश्न. बहुतेक उदाहरणांत एका ओळखक्रमांकामागे एकच माणूस धरलेला असतो. आपल्याकडे एकाच फोनवरून वडील सोयाबीनच्या पिवळ्या पानांबद्दल विचारतात, मुलगी नीटच्या तयारीबद्दल आणि शेजारी पीकविम्याबद्दल. तिघांची टिपणं एका खात्यात जमा झाली तर एजंट कुणाचं शेत कुणाला सांगेल, याचा नेम नाही. राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार अॅप २०२५मध्ये आलं आणि शेतीचे प्रश्न मराठीत विचारण्याची सोय झाली. अशा सोयी उद्या आठवण ठेवू लागल्या की हा गोंधळ दारात आलाच.

साधनाच्या दस्तऐवजाचा एक वाचक माणूस नसतो, हे बनवणारे विसरतात. कुठलं साधन केव्हा वापरायचं, हे एजंट त्या साधनाच्या वर्णनावरून ठरवतो. ‘महत्त्वाची माहिती साठवा’ एवढंच लिहिलं तर तो ऐकीव गोष्टही साठवेल. ‘शेतकऱ्यानं स्वतः सांगितलेलंच साठवा, हंगाम आणि तारीख लिहा, जुनं पीक बंद करा, पुसू नका’ असं लिहिलं तर वागणं बदलतं. गेल्या खरिपात सोयाबीन होतं आणि यंदा तूर आहे, एवढं कळायलाही तारीख लागते.

नोंद असून ती वाचता आली नाही तर काय होतं, हे आपण पाहिलंय. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधताना निजामकाळातले कागद होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. तिथं निदान अनेक पिढ्या मधे गेल्या होत्या. इथं साधन लिहिणारा पोरगा नोकरी बदलून गेला की सहा महिन्यांत तीच गत.

पुण्यात, लातुरात अशी साधनं बनवणाऱ्यांनी कोड दाखवण्याआधी एक पान लिहावं: काय साठवतो, कुणाच्या नावानं, बदल झाला तर जुन्याचं काय करतो, पुसल्यावर काय उरतं. आणि सरकारी खात्यांसाठी ती विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी निविदेतच ते पान मराठीत मागावं. पान आलं नाही तर बिल अडवावं.